चौदा मिनिटांचं आभाळ

मोटार कुणी लावत नसे. ऊन सोलरच्या प्लेटांवर चढलं की ती आपली आपण सुरू व्हायची, आणि ऊन कलंडलं की थांबायची. काकासाहेब तुपे गेले त्याला सव्वादोन महिने होऊन गेले, तरी खामवाडीच्या शिवारात त्यांच्या विहिरीवरची मोटार रोज सकाळी साडेआठच्या सुमाराला घुं करून उठत होती. विहीर घरापासून दोन वावरं पलीकडं. त्यांची बायको सारजाबाई त्या वेळी ओट्यावर भांडी घासत असली तर तिचा हात थांबायचा. मान वर न करता ती ऐकायची, आणि मग पुन्हा राखेत हात घालायची.

काकासाहेबांना सगळी वस्ती दादा म्हणायची, त्यांची लेक मोनिकासुद्धा. फाल्गुनातल्या एका सोमवारी, दुपारी दोन वाजता, दादा विहिरीत मिळाले. पंचनाम्यात 'पाय घसरून पडल्याने' असं लिहिलं गेलं. गावानं ते ऐकून घेतलं, पण मानलं नाही. कारण सारजाबाई हाका मारत विहिरीवर गेली तेव्हा मोटार चालू होती. पाटानं पाणी चाललं होतं. आणि चालू मोटारीच्या विहिरीत कुणी कामाला उतरत नसतं, हे खामवाडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मोटार चालू असताना माणूस विहिरीत जातो तो एकाच कारणानं.

तेराव्याच्या पंगतीत चुलत जाऊ भामाबाई बोलून गेली होती, "येवढी चाळीस वर्सं त्या हिरीत चढला-उतरला मानूस, आन् आत्ताच बरा पाय घसरला." सारजाबाई वाढत होती. तिनं भामाबाईच्या पानात वरण वाढलं आणि पुढं सरकली.

मोनिका एकतीस वर्षांची होती. शहरात हर्सूलच्या अलीकडं खोली घेऊन राहायची आणि औरंगपुऱ्यात एका अभ्यास संस्थेत काम करायची. संस्था म्हणजे कापड दुकानाच्या वर दोन खोल्या, चार टेबलं आणि आवाज करणारा कूलर. तिचे वरिष्ठ शंतनू कुलकर्णी मूळचे शहरातलेच, सभ्य, घाईत बोलणारे. या वर्षी काम होतं सौरपंपांचं. कोणत्या विभागात किती सेट बसले, ते किती तास चालतात, कोण पुढं, कोण मागं. संस्थेनं प्रत्येक विभागातून काही गावं निवडली होती. भिंतीवर राज्याचा नकाशा होता, त्यावर सेटागणिक एक पिवळी टिकली चिकटवलेली. मराठवाडा टिकल्यांनी नुसता भरून गेला होता.

"बसवण्यात आपण पुढं," शंतनू म्हणाले. "चालण्यात मागं. विदर्भात दिवसाला सहा तास, आपल्याकडं चारसुद्धा नाहीत. ऊन तर आपल्याकडं काय कमी आहे? मग मधे मधे खंड का पडतात, ते काढ. प्रत्येक पेटी स्वतः लिहिते ना, का थांबली ते?"

पेटी लिहायची. प्रत्येक सेटच्या नियंत्रण पेटीत एक सिमकार्ड होतं आणि मोटार थांबली की त्याची वेळ आणि कारण शहरात पोचायचं. कारणं चारच. एक, प्रकाश कमी. दोन, पाणी नाही. तीन, बिघाड. चार, हाताने बंद.

मोनिकानं आठ दिवस खंड मोजले. डोळे चुरचुरायला लागले की खिडकीतून खाली रिक्षांची गर्दी बघायची. मराठवाड्यात दोन नंबरचा रकाना ओसंडून चालला होता. पाणी नाही, पाणी नाही, पाणी नाही. हे कळण्यासारखं होतं. तिला अडकवलं ते चौथ्या रकान्यानं. खानदेशातल्या गावांत तो भरलेला होता. माणसं दिवसातून एकदा-दोनदा मोटार हातानं बंद करत होती. पश्चिमेकडच्या गावांतही थोडाफार होता. तिच्याच फुलंब्री तालुक्यातल्या चाळीस सेटांपुढं मात्र तो पांढरा होता. सहा महिन्यांत एकानंही बटन बंद केलं नव्हतं.

तिनं खानदेशातल्या कार्यकर्त्याला फोन लावला.

"ताई, त्यात विशेष काही नाही," तो म्हणाला. "आमच्याकडचा फिटर म्हातारा होता, कटकट्या. त्यानं सेट बसवला की मालकाकडून पाच-पाच वेळा बटन दाबून घ्यायचा. विहिरीकडं जायच्या आधी बटन, असं घोकून घ्यायचा. लोक हसायचे त्याला."

खामवाडीत फिटर आला होता तेव्हा त्यानं एका दिवसात नऊ सेट जोडले होते. दादांना प्लेटांशेजारी उभं करून फोटो काढला, पेटीला कुलूप लावून किल्ली हातात दिली आणि पुढच्या वावरात गेला. त्या फोटोत दादांनी टोपी सरळ केलेली होती.

मोनिका फोन ठेवून बसली. मग तिनं एक क्रमांक टाकला. तो शोधावा लागला नाही. दादांच्या सेटचा अर्ज तिनंच भरला होता, क्रमांक तिला पाठ होता. सोमवारची तारीख काढली.

आठ एकतीस, सुरू.

अकरा आठ, बंद. कारण एक. प्रकाश कमी.

अकरा बावीस, सुरू.

पाच एक्केचाळीस, बंद. कारण एक.

दादांना गळ टाकून वर काढलं तेव्हाही बटन बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं. तिनं ते तीनदा वाचलं. मग खुर्ची मागं न सरकवताच उठायला गेली आणि टेबलाची कड मांडीला लागली.

दादांची चाळीस वर्षं लाईटच्या पाळीनं गेली होती. आठवड्यातले तीन दिवस दिवसा, चार दिवस रात्री. लाईट यायची तेव्हा पाणी धरायचं, जायची तेव्हा विहिरीतलं काम काढायचं. गाळ काढणं असो, फूटबॉलचा, म्हणजे पाइपाच्या तोंडाशी असलेल्या झडपेचा, कचरा काढणं असो, मोटार खाली-वर करणं असो. मोटार गप झाली म्हणजे लाईट गेली, आणि गेलेली लाईट अर्ध्या तासात परत येत नाही, ती पाळीनंच येते. बटनाला हात लावायची गरजच नसायची. शरीरानं शिकलेली गोष्ट होती ती. मोटारीचा आवाज थांबला की दादांचा हात आपोआप दोराकडं जायचा.

त्या सोमवारी सगळं आभाळ निळं होतं, तिला आठवत होतं. कुठूनतरी एक ढग आला असणार. प्लेटांवर सावली पडली, मोटार थांबली. दादांनी दोर घेतला. ते विहिरीत दुसऱ्या टप्प्यावर, भिंतीत सोडलेल्या कट्ट्यावर, उभे असताना ढग सरकला.

अर्ज भरताना दादा तिच्या मोबाइलवर वाकून बघत होते. "म्हंजी लाईट जानारच नाय म्हनतीस?"

"नाही जाणार दादा. ऊन आहे तोवर मोटार."

"आन् आभाळ आलं तर?"

ती हसली होती. "आपल्याकडं कुठं आभाळ येतंय?"

शंतनू तिच्या टेबलापाशी आले. पडद्यावरचा तक्ता बघून म्हणाले, "हा चौथा रकाना रिकामा आहे, हे फार छान आहे. मानवी हस्तक्षेप शून्य. आपण मागं नाही आहोत मोनिका, या बाबतीत आपण सगळ्यांच्या पुढं आहोत. ठळक अक्षरांत लिही."

"सर, हस्तक्षेप शून्य म्हणजे बटन कुणी बंदच करत नाही."

"तेच तर म्हणतोय मी."

"विहिरीत उतरतानाही करत नाहीत."

शंतनूंनी तक्त्यावरून नजर काढली. "तो सुरक्षेचा विषय झाला. आपला विषय तुलना आहे." मग तिचा चेहरा बघून आवाज उतरवला. "बरं नाही का वाटत? जा लवकर आज."

दादा गेले तेव्हा त्यांनीच तिला आठ दिवसांची सुटी दिली होती. तुलनेतल्या चाळीस ओळींपैकी सत्ताविसावी ओळ कुणाची, हे त्यांना माहीत नव्हतं. तिनं सांगितलं नाही.

जिना उतरताना फोन वाजला. सारजाबाई होती.

"कडुबा भावजी उद्या हिरीत उतरनारेत. मोटार तिरपी लटकलीय, नुसती हवा ओढू ऱ्हायली. मोसंबीची पानं वळली सगळी. म्हनलं तुला सांगून ठेवावं."

"उद्या नको माय."

"का?"

"मी येतेय. मी आल्यावर."

"तू येऊन काय दोर धरनार का?" सारजाबाई म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती.

संध्याकाळच्या एसटीत मोनिकाला खिडकी मिळाली. हर्सूल सुटलं की पूर्वी ज्वारी लागायची. आता दोन्ही बाजूंना प्लॉटिंगचे बोर्ड होते, पांढऱ्या चुन्याच्या रेघा होत्या, आणि कुठंच न जाणारे डांबरी रस्ते होते. एका ठिकाणी कमान उभी होती आणि कमानीमागं नुसती ढेकळं. पाण्याचे टँकर एसटीला मागं टाकत जात होते, त्यांच्या तोट्यांतून रस्त्यावर ओली रेघ पडत होती आणि बघता बघता वाळत होती. फुलंब्रीला उतरून ती काळीपिवळी जीपनं फाट्यापर्यंत गेली. तिथून चालत.

मोसंबीची एकशे चाळीस झाडं होती. पानं आतल्या बाजूला वळून द्रोणांसारखी झाली होती. दादांनी बुंध्यांशी उसाचं पाचट अंथरलेलं अजून तसंच होतं, उन्हानं पांढरं पडलेलं. मोनिकानं बांधावरून जाताना एका झाडाला हात लावला तर तीन पानं गळून आली.

ओट्यावर भामाबाई बसली होती. ताकाचा तांब्या घेऊन आली होती आणि आता तांब्या रिकामा व्हायची वाट बघत होती.

"आल्या का मॅडम," ती म्हणाली. "हडकली गं लई. शहरात खायला नाय व्हय मिळत?"

"मिळतं काकू."

"मंग खात जा. तुझ्या मायीला बी सांग. चतकोर भाकर खाती आन् हात धुती." भामाबाईनं आवाज खाली आणला, पण सारजाबाईला ऐकू जाईल इतकाच. "मी तर म्हनते, इकून टाका ही वावराची पट्टी. प्लॉटवाले पुन्हा आल्ते आमच्याकडं. कशाला जीव घालता त्या झाडांत? एक जीव गेला ना."

सारजाबाई तांब्या धुऊन घेऊन आली. "हे घ्या," म्हणाली. "उद्या भावजींस्नी लवकर लावून द्या."

भामाबाई गेली. माय-लेकी जेवायला बसल्या. कोरड्यास पातळ होतं. सारजाबाईनं खरंच चतकोर भाकरी घेतली. तिचे हात बारीक झाले होते आणि बांगड्या नसल्यामुळं कोपरापासून पार मनगटापर्यंत नुसती हाडं दिसत होती.

मोनिकानं दोनदा तोंड उघडलं. पण जे सांगायचं होतं त्याला सुरुवातच सापडत नव्हती. माय समजत होती की दादांचा पाय घसरला, निदान मोनिकाला तसं वाटत होतं. घसरलेल्या पायाला कुणी जबाबदार नसतं. हे सांगितलं तर अर्ज येणार होता, अर्ज भरणारी येणार होती, हसून दिलेलं उत्तर येणार होतं.

"माय, त्या दिवशी दादा जेवले नव्हते का?"

सारजाबाईनं घास तसाच धरला. "आता कशाला काढती ते?"

"सहज."

"नव्हते जेवले," सारजाबाई म्हणाली आणि ताट घेऊन उठली.

सकाळी कडुबा आला तो गळ्यात दोराचं वेटोळं घालूनच. साठीकडं झुकलेला, बुटका, पायांची बोटं फाकलेली. दादांचा चुलतभाऊ, भामाबाईचा नवरा आणि दादांचा आयुष्यभराचा विहिरीतला जोडीदार. भामाबाई मागून कडब्याचा पाचुंदा घेऊन आली होती, झाडांना आणखी आच्छादन म्हणून.

"काय म्हंते मोने? आमच्या सोलरला किती मार्क दिले तुझ्या हापिसानं?"

"बसवण्यात पहिला नंबर काका."

"मंग पेढे कुटं हायेत?" कडुबा हसला. त्याचे दोन दात पडलेले होते. "पानी नसंना का, पर नंबर पहिला. लई झालं. चहा कर पोरी, कडक. मी जरा हिरीत डोकावून येतो."

"उतरू नका काका. मी येईपर्यंत उतरू नका."

"आता हिला माझी काळजी," कडुबा भामाबाईला म्हणाला. "तुला नाय कव्हा वाटली."

"मला कशाला वाटंल? यम बी तुमाला नेऊन पस्तावंल."

नऊ वाजून गेले होते. मोटार चालू होती आणि तिचा आवाज तुटक येत होता, पाण्याऐवजी हवा गिळल्यासारखा. मोनिका चुलीपाशी बसली. मनात ती वाक्यं जुळवत होती. आधी बटन, मग उतरणं. एवढंच सांगायचं. कारण सांगायचं नाही. शहरातून पत्रक आलंय म्हणायचं.

चहा उकळून वर आला आणि तिनं पातेलं उतरवलं, तेव्हा तिच्या लक्षात आलं की आवाज थांबलाय.

ती बाहेर आली. वावरात सावली चालत येत होती. मोसंबीच्या रांगांवरून, एकेक झाड विझवत, तिच्या दिशेनं. वर वैशाखातला एक मळकट ढग होता, फार मोठा नव्हता. आणि विहिरीकडं फक्त दोन बायका दिसत होत्या, काठाशी भामाबाई आणि तिच्या बरीच मागं माय.

ती धावली. पायात चप्पल नव्हती. ढेकळांवर पाय मुरगळला तरी थांबली नाही. भामाबाई तिला बघून काहीतरी म्हणाली, ते तिला कळलं नाही. पेटी प्लेटांच्या खांबाला होती. कुलपाला किल्ली तशीच लटकत होती. तिनं दार ओढलं आणि बटन खाली दाबलं. दोन्ही हातांनी दाबलं आणि धरून ठेवलं.

"काका! पाइप सोडा! भिंतीला लागा!"

"काय झालं गं बोंबलायला?" विहिरीतून आवाज आला. घुमून, खोलातून. "लाईट गेलीय. म्हून उतरलो."

"वर या. आधी वर या."

"आगं आत्ता तर दुसऱ्या टप्प्याला—"

"काका, वर या!"

कडुबा वर आला, लोखंडी कड्यांना धरत, पुटपुटत. तो काठावर येऊन बसला तोवर सावली बांधापलीकडं गेली होती. ऊन पुन्हा प्लेटांवर पडलं, पांढरं, डोळे दिपवणारं. मोटार मुकीच होती.

"आता सांग," कडुबा धापा टाकत म्हणाला. "कुनाचं काय बुडालं?"

मोनिकानं बटन वर केलं.

विहिरीत आधी गुरगुर झाली. मग काळा पाइप, मनगटाएवढा जाड, जनावरानं पाठ उडवावी तसा उसळला आणि दुसऱ्या टप्प्याच्या कडेवर आपटला. आपटून तिथंच थरथरत राहिला. टप्प्यावरची माती विहिरीत पडली, तिचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

कडुबानं त्या टप्प्याकडं बघितलं. मग स्वतःच्या पायांकडं. भामाबाईच्या हातातला पाचुंदा खाली पडला होता.

मोनिकानं बटन बंद केलं. "लाईट गेली नव्हती काका. याला लाईट नसते. ढग आला की थांबते आणि ढग गेला की आपली आपण सुरू होते. सकाळी उठते तशीच, कुणी न लावता."

"आपली आपन," कडुबा म्हणाला.

"दादा गेले त्या दिवशी अकरा वाजून आठ मिनिटांनी ही अशीच थांबली. ढगानं. पेटीनं लिहून ठेवलंय, मी हापिसात बघितलं. अकरा बावीसला सुरू झाली. चौदा मिनिटं. दादा कामाला उतरले तेव्हा ती बंद होती."

ती मायकडं न बघता बोलत होती. पेटीच्या दारावर एक मुंगी चढत होती, तिच्याकडं बघत होती. "अर्ज मी भरला होता. आभाळ आलं तर काय, असं त्यांनी मला विचारलं होतं. मी नीट सांगितलं नाही."

दूर फाट्यावर टँकरचा हॉर्न वाजला.

मग सारजाबाई म्हणाली, "बंद व्हती?"

"हो माय."

"तू बघितलं? लिव्हल्यालं?"

"तीनदा बघितलं."

सारजाबाई खाली बसली. "मला आयकू आलं व्हतं," ती म्हणाली. "थांबल्याली बी आयकू आली, आन् सुरू झाल्याली बी. मी कांदे चिरत व्हते. सकाळी उठती आपली आपन, पर मधीच? मला वाटलं त्यानंच बंद केली, त्यानंच लावली. मनात म्हनलं, लावली मोटार म्हंजी ठीक हाये, रुसून बसलाय, येईल भूक लागली की." तिनं पदर तोंडाशी नेला आणि पुन्हा खाली सोडला. "सकाळी मी लई बोलले व्हते. प्लॉटवाल्यांस्नी देऊन टाका म्हनलं. तुमच्या झाडांपायी आमाला जाळता म्हनलं. त्यो भाकर तशीच ठिवून गेला. दोन वाजेस्तोवर मी हाक मारली नाय. मंग आले तर चालू व्हती. सगळे म्हनले, मोटार लावून कोन उतरतंय हिरीत. मला बी वाटलं. कोन उतरतंय?"

"वैनी," कडुबा म्हणाला.

"सव्वादोन महिने मी हेच धरून बसले. की त्यानं मोटार लावली, मोसंबीला पानी सोडलं, आन् मंग..."

भामाबाई तिच्या शेजारी येऊन बसली. तिनं सारजाबाईच्या पायावर हात ठेवला. सारजाबाईनं तो काढला नाही, धरलाही नाही.

मोनिकाला आता मायकडं बघता आलं. मायच्या चेहऱ्यावर रडू नव्हतं. तिथं काहीतरी सैल होत होतं, खूप दिवस आवळून बांधलेलं दावं सुटावं तसं. ते बघून मोनिकाला बरं वाटायला हवं होतं. तिला बरं वाटलं नाही. तिला फक्त हे कळलं की मायनं जे ओझं खाली ठेवलं, ते जमिनीवर पडलेलं नाही.

कडुबा उठला आणि दोर पुन्हा गळ्यात घातला.

"आवो, कुटं निघाले?" भामाबाई म्हणाली.

"झाडं वाळू ऱ्हायली ना." तो मोनिकाजवळ आला. पेटीत डोकावला. बटन बोटानं चाचपून बघितलं, खाली आहे ना. पुन्हा चाचपलं. "हात काढू नको," तो म्हणाला.

"नाही काढत."

तो उतरला. कड्यांवर त्याचे पाय एकेक करून वाजत गेले. पहिला टप्पा, दुसरा. मग पाण्यात पाय पडल्याचा आवाज. पाणी गुडघ्याएवढं राहिलं होतं. फाल्गुनात ते छातीला लागत होतं. खालून त्याचं पुटपुटणं येत होतं, दोर ओढल्याचा कुरकुराट येत होता. मग सगळं थांबलं.

"वैनी!"

सारजाबाईनं मान वर केली.

"वैनी, हितं गाठ हाये."

"कसली गाठ?"

"मोटारीला दोन दोर हायेत ना. एक भिंतीतल्या वरच्याच गजाला हाये, जुन्या जागी. दुसरा खालच्या गजाला बांधल्याला हाये. हा गज तव्हा पान्यात व्हता, म्हून दिसला नाय कुनाला. म्हून तर मोटार तिरपी लटकली." खोलात त्याचा आवाज घोगरा झाला. "दादानं बांधलीय, मोटार खाली घेताना. एक झाली व्हती बांधून. दुसरी बांधायची ऱ्हायली."

सारजाबाई उठली. सव्वादोन महिन्यांत ती विहिरीच्या काठाशी आली नव्हती. पाणी आणायला ती लांबच्या हापशावर जायची. आता ती काठापर्यंत आली, दगडावर हात टेकला आणि वाकली.

"त्याचीच हाये कशावरून?"

"त्याच्याबिगर आसली दुहेरी गाठ कोन मारतंय? मी कितींदा शिकलो, मला आली नाय."

"पक्की हाये?"

"पक्की म्हंजी! पान्यात ऱ्हाऊन फुगलीय, तरी हलत नाय." मग कडुबानं विचारलं, "सोडू का? सगळंच नव्यानं बांधू?"

सारजाबाई खाली बघत राहिली. विहिरीच्या तळाशी आभाळाचा एक तुकडा होता आणि त्यात कडुबाचं डोकं. तिच्या कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्याशी आला, तिनं पुसला नाही.

"नका सोडू," ती म्हणाली. "त्याला तितंच पायजे व्हती मोटार. ऱ्हायलेली तेवढी बांधा."

"बरं," खालून आवाज आला.

कडुबानं वरच्या गजाचा दोर सोडला. मोटारीचं वजन एका बाजूला आलं तसा तो कण्हला. पाइप टप्प्यावर घासला. मोनिकाचं मनगट बधिर व्हायला लागलं होतं. ऊन तिच्या पाठीवर होतं, प्लेटांवर होतं, आभाळ चहूबाजूंनी कोरडं, लख्ख होतं. तिनं दुसरा हात पहिल्या हातावर ठेवला.

"सावकाश भावजी," सारजाबाई विहिरीत म्हणाली. "घाई नाय. मोनिका हाये बटनापाशी."